‘हाऊ आर यू?’ला काय उत्तर द्यायचं? (भागाचं लिखित रूप)

नमस्कार मंडळी, कसे आहात?

आता खरं सांगा, हे ऐकून कोणी मोबाईलकडे बघून म्हणालं का, ‘बरा आहे रे, फक्त कालपासून पाठ धरलीये’? नाही ना? मीही उत्तराची वाट बघितली नाही. मी ‘कसे आहात’ म्हणालो, तुम्ही मनात ‘हं, बोल’ म्हणालात आणि आपण पुढे सरकलो. आजचा अख्खा भाग या एवढ्याशा गोष्टीवर आहे.

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त मधे मालगाडी गेली तेव्हाचा दीड मिनिटाचा खडखडाट काढलाय. आटगावात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे हे आलंच.

व्हॉइस नोट

आपल्याच कसारा लाइनवरच्या एका मुलीने व्हॉइस नोट पाठवली होती. मराठी माध्यम, मग बीकॉम, आणि पहिलाच इंटरव्ह्यू. आत गेल्यावर समोरच्या मॅडम हसून म्हणाल्या, ‘हाय, हाऊ आर यू टुडे?’ ही म्हणाली, ‘आय ॲम फाइन, थँक्यू.’ आणि गप्प. मॅडमही गप्प. दोन-तीन सेकंदच गेले असतील, पण तिला वाटलं की आपण काहीतरी चुकलो. मग ते डोक्यात बसलं आणि पुढचं येत असलेलंही अडखळलं. तिचा प्रश्न एवढाच होता: ‘दादा, माझं काय चुकलं? शाळेत तर हेच शिकवलं होतं.’

ताई, व्याकरणात काहीच चुकलं नाही. नोकरी त्यामुळे गेली असंही मी म्हणणार नाही. पण ते तीन सेकंद का आले, ते मला माहीत आहे. कारण मी त्याच्या बरोबर उलटी चूक केली होती.

माझी चाळीस सेकंदं

नोकरीतला पहिला क्लायंट कॉल. जुलै महिना. रुळांवर पाणी, गाडी वाशिंदच्या पुढे तासभर उभी, मग ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी. ऑफिसात पोचलो तेव्हा मोजे ओले होते. कॉल सुरू झाला. पलीकडून एक जण म्हणाला, ‘हे, हाऊ आर यू डूइंग?’

मला वाटलं, अरे वा, माणूस चांगला आहे, विचारतोय. मी सांगितलं. ट्रेन, पाऊस, पाणी, मोजे, सगळं. मनातल्या मनात मराठीतून भाषांतर करत करत. सात माणसं कॉलवर. चाळीस सेकंदं कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटी तो म्हणाला, ‘ओह. सॉरी टु हिअर दॅट. सो… शॅल वी स्टार्ट?’

कॉल संपल्यावर माझे सीनियर हसत म्हणाले, ‘अरे, तो विचारत नव्हता.’

हे वाक्य माझ्या डोक्यात अनेक दिवस फिरत होतं. विचारत नव्हता, तर मग काय करत होता?

तो काय करत होता

याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी एका मानववंशशास्त्रज्ञाने देऊन ठेवलंय. ब्रोनिस्लाव मालिनोवस्की हा मूळचा पोलंडचा माणूस पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर तिथल्या लोकांमध्ये राहिला. १९२३ साली त्याने एक निबंध लिहिला. त्यात त्याचं म्हणणं असं की, माणसं बरंचसं बोलतात ते माहिती द्यायला नाही, तर एकमेकांशी धागा जोडायला. हवापाण्याच्या गप्पा, ‘कसं काय’, ‘कुठून आलात’ हे सगळं त्यात आलं. त्याने याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. आपण साध्या मराठीत ‘ओळखीचं बोलणं’ म्हणू.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. दोन कॉम्प्युटर इंटरनेटवर एकमेकांशी बोलायला लागतात तेव्हा टीसीपी नावाच्या पद्धतीत आधी तीन छोटे निरोप जातात. पहिला म्हणतो, ‘बोलू का?’ दुसरा म्हणतो, ‘ऐकू येतंय, मीही बोलू का?’ पहिला म्हणतो, ‘हो, ऐकू येतंय.’ याला हँडशेकच म्हणतात. खरा डेटा त्यानंतर येतो. मी काय केलं होतं? हँडशेकमध्येच सगळा डेटा ओतला. आणि त्या ताईने काय केलं? ‘ऐकू येतंय’ म्हणाली, पण ‘मीही बोलू का’ म्हणायचं राहिलं. म्हणून लाइन तीन सेकंद लटकली.

पण हे आपल्याला येतंच की

हे काही साहेबांचं खास प्रकरण नाही.

सकाळी मी पिशवी घेऊन स्टेशनकडे निघतो. ओट्यावर बसलेले काका विचारतात, ‘काय रे, कुठं चाललास?’ पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचं कार्ड, रोजची वेळ. काकांना दिसत नाही का? दिसतं. मी म्हणतो का, ‘काका, मी सहा अमुकची गाडी पकडून ठाण्याला उतरून ऐरोलीला जातोय’? मी म्हणतो, ‘हा काका, ड्युटी. चहा झाला का?’ काका म्हणतात, ‘झाला, झाला.’ संपलं. सगळे खूश.

नीट बघा त्यात काय झालं. छोटं उत्तर दिलं आणि लगेच परत काहीतरी विचारलं. तीन सेकंद. ‘जेवलास का?’लाही तसंच. ‘हो, आत्ताच. तुमचं?’ भाजी कोणती होती ते कोणी सांगत नाही. आणि उत्तर न देता तसंच पुढे गेलो तर? संध्याकाळी घरी निरोप पोचलेला असतो की पोराला शिंगं फुटली.

म्हणजे नियम आपल्या हाडात आहे. मग इंग्रजीत का अडतं?

मला वाटतं, आपण इंग्रजी शिकलो ते वाक्याला वाक्य ठेवून. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. माझ्या बॅचला पहिलीपासून मिळालं, मोठ्या भावंडांना पाचवीपासून, पण पद्धत बहुतेक ठिकाणी तीच राहिली. त्याच्याही आधीच्या पिढ्या तर्खडकर भाषांतर पाठमालेवर वाढल्या, तीही नावाप्रमाणे भाषांतराचीच. त्यातून वाक्यं पक्की झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘हाऊ आर यू’ म्हणजे ‘तू कसा आहेस?’ असं वहीत लिहिलं की तो प्रश्न होतो. आणि प्रश्न म्हटला की उत्तर लिहायचं, खाली रेघ मारायची.

वहीत खरं तर असं लिहायला हवं होतं: ‘हाऊ आर यू’ म्हणजे ‘काय, बरंय ना?’ वाक्याचं भाषांतर करू नका, रिवाजाचं करा. या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बाकी आता तपशील.

पहिला कप्पा: जसं आलं तसं परत

आपल्याकडे ‘राम राम’ला ‘राम राम’, ‘जय भीम’ला ‘जय भीम’, ‘जोहार’ला ‘जोहार’. वारकरी ‘राम कृष्ण हरी’ म्हणतात, समोरचाही तेच म्हणतो. इथे डोकं चालवायचं नसतं, जे मिळालं ते परत द्यायचं. ‘जय भीम’चा एक किस्सा मजेशीर आहे. हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय नागपूरजवळच्या कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं, आणि सुरुवातीला त्याला उत्तर म्हणून ‘बळ भीम’ म्हणायचं ठरलं होतं असं सांगतात. पण लोकांनी शेवटी दोन्ही बाजूंना ‘जय भीम’च ठेवलं. सोपं ते टिकतं.

इंग्रजीतही हा कप्पा आहेच. ‘हाय’ला ‘हाय’, ‘हॅलो’ला ‘हॅलो’, ‘गुड मॉर्निंग’ला ‘गुड मॉर्निंग’. पहिल्या भेटीत ‘नाइस टु मीट यू’ आलं तर ‘नाइस टु मीट यू टू’. पण दुसऱ्यांदा भेटलात तर ‘मीट’ नको, तिथे ‘गुड टु सी यू’. ‘मीट’ म्हणजे पहिली ओळख. दुसऱ्यांदा तेच म्हटलं तर समोरच्याला वाटतं, हा मला विसरला.

‘हाऊ डू यू डू?’ दिसायला प्रश्न आहे, पण जुन्या रिवाजात त्याचं उत्तर ‘हाऊ डू यू डू’ हेच. आता फार कमी ऐकू येतं. एखादे वयस्कर ब्रिटिश गृहस्थ म्हणालेच, तर गडबडू नका.

वेळेचा एक खड्डा: ‘गुड इव्हनिंग’ भेटताना आणि ‘गुड नाइट’ निघताना. रात्री नऊला कॉल सुरू करतानासुद्धा ‘गुड नाइट’ म्हणायचं नाही, नाहीतर समोरच्याला वाटेल की तुम्ही झोपायला चाललात. आणि आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ. गोंधळ होत असेल तर सरळ ‘हॅलो एव्हरीवन’ म्हणा, घड्याळाशी संबंधच नाही.

दुसरा कप्पा: छोटं उत्तर, मग परतफेड

‘हाऊ आर यू?’, ‘हाऊ आर यू डूइंग?’, ‘हाऊज इट गोइंग?’ हे तिन्ही एकाच घरचे. उत्तर: ‘गुड, थँक्स. हाऊ आर यू?’ किंवा ‘प्रिटी गुड. यू?’ किंवा ‘डूइंग वेल, थँक यू. अँड यू?’ बस.

‘आय ॲम फाइन’ चुकीचं नाही. पण नुसतं ‘फाइन’ सपाट आवाजात म्हटलं तर कधी कधी ‘ठीक आहे, सोड’ असं वाटतं. घरात कोणी रुसून ‘काही नाही झालं मला’ म्हणतं ना, तसं. त्यामुळे ‘फाइन’ म्हणायचं तर हसून म्हणा, नाहीतर ‘गुड’ वापरा.

आता ‘व्हॉट्स अप?’. इथे बरेच जण घसरतात, कारण इथे ‘फाइन’ बसत नाही. सूत्र सोपं आहे. ‘हाऊ’ने विचारलं तर ‘कसं’चं उत्तर: गुड, ऑलराइट. ‘व्हॉट’ने विचारलं तर ‘काय’चं उत्तर: ‘नॉट मच. यू?’ मराठीत नाही का, ‘कसं काय?’ला ‘मजेत’ आणि ‘काय चाललंय?’ला ‘काही विशेष नाही’. ‘काय चाललंय?’ला कोणी ‘मी बरा आहे’ म्हणालं तर आपण त्याच्याकडे बघतच राहू.

ब्रिटिश टीमबरोबर काम असेल तर एक सकाळ अशी येईल की समोरचा म्हणेल, ‘यू ऑलराइट?’ मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा बघितला, म्हटलं मी आजारी दिसतोय का! तसं काही नसतं. तो त्यांचा ‘काय, बरंय?’ आहे. उत्तर: ‘येस, थँक्स. यू?’ आणि त्यांनी ‘नॉट टू बॅड’ किंवा ‘कान्ट कम्प्लेन’ म्हटलं तर घाबरू नका, म्हणजे त्यांचं चांगलं चाललंय. आपल्याकडेही धडधाकट माणूस ‘चाललंय आपलं’, ‘ढकलतोय गाडी’ म्हणतोच की. अमेरिकन मंडळी सहसा ‘गुड’, ‘ग्रेट’ अशी जरा वरच्या पट्टीत बोलतात. माणसं तीच, गावची रीत वेगळी.

एक बारीक गोष्ट सांगतो, ती कानाने पकडायची आहे. पहिल्यांदा विचारणारा बहुतेकदा ‘आर’वर जोर देतो: हाऊ *आर* यू? परत विचारताना जोर ‘यू’वर जातो: हाऊ आर *यू*? मराठीतही ‘मी बरा, *तू* कसा आहेस?’ म्हणताना ‘तू’ वर चढतो. परत विचारताना पहिल्यासारखाच जोर दिला तर पाठ केलेलं वाटतं, जोर हलवला की बोलल्यासारखं वाटतं. आत्ता मोठ्याने दोनदा म्हणून बघा. गाडीत असाल तर मनात.

आणि कोणी चालता चालता ‘हे, हाऊ आर यू’ म्हणून पुढे निघून गेलं तर तो उद्धटपणा नाही. आपणही प्लॅटफॉर्मवर ‘काय शेठ!’ म्हणत पुलाकडे पळतोच. ‘हे’ म्हणून हात केला तरी पुरे.

तिसरा कप्पा: एक बातमी द्यायची

सोमवारचा कॉल. ‘हाऊ वॉज युअर वीकेंड?’ इथे नुसतं ‘गुड’ म्हटलं तर कोरडं वाटतं, आणि लग्नाची सगळी कहाणी सांगितली तर कॉल संपतो. एक बातमी आणि परतफेड. ‘गुड, वेंट टु अ कझिन्स वेडिंग. हाऊ वॉज युअर्स?’ किंवा ‘क्वाएट वन, जस्ट स्टेड होम. यू?’ आपली बातमी साधी आहे म्हणून लाजायचं कारण नाही. भातलावणीला शेतात होतो हे मी एकदा सांगितलं, ‘आय वॉज प्लांटिंग राइस विथ माय फॅमिली.’ पुढचे दोन सोमवार लोक भाताचीच चौकशी करत होते.

‘हाऊ हॅव यू बीन?’ हे आधी ओळख असलेला माणूस विचारतो, आणि मधल्या दिवसांबद्दल विचारतो. ‘गुड, बिझी विथ वर्क. हाऊ अबाउट यू?’

मेलमधलं ‘होप यू आर डूइंग वेल’ हा नुसता नमस्कार आहे, त्याला वेगळं उत्तर लागत नाही. आणि चॅटवर नुसतं ‘हाय’ टाकून वाट बघत बसू नका. समोरच्याला तुमचं ‘हाय’ दिसतं, काम दिसत नाही. ‘हाय’ आणि काम एकाच मेसेजमध्ये पाठवा.

निघताना कोणी ‘हॅव अ गुड वन’ म्हटलं तर ‘वन’ म्हणजे दिवस, संध्याकाळ, जे असेल ते. उत्तर: ‘यू टू’. हॉटेलात वेटर ‘एन्जॉय युअर मील’ म्हणतो तेव्हाही तोंडातून ‘यू टू’ निघतं, मग लाज वाटते. काळजी नको, ज्यांची भाषा आहे त्यांच्याही तोंडून ते निघतं.

मग ताईने काय म्हणायला हवं होतं?

‘आय ॲम गुड, थँक यू. हाऊ आर यू?’ एवढंच. तीन शब्द जास्त. ते ‘हाऊ आर यू’ परत गेलं असतं तर मॅडम ‘गुड, थँक्स’ म्हणाल्या असत्या, ‘प्लीज हॅव अ सीट’ म्हणाल्या असत्या आणि पहिला दम घ्यायला वेळ मिळाला असता. इंटरव्ह्यूत परत विचारणं म्हणजे आगाऊपणा, असं आपल्याला घरातून वाटत आलेलं असतं. मोठ्यांना उलट प्रश्न करायचा नाही. पण काकांना ‘चहा झाला का’ विचारतो तो उलट प्रश्न असतो का? तो मान असतो. इथेही तसंच समजा.

पुढचा प्रश्न ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ असेल. तिथे ‘मायसेल्फ अमुक’ऐवजी ‘आय ॲम अमुक’ म्हणा. बाकीचं त्या भागात बोलू.

आणि तो खराच विचारत असेल तर?

हा भाग इथेच संपवणार होतो, पण एक गोष्ट राहते. कधी कधी तो खरंच विचारत असतो.

गेल्या वर्षी बाबा दवाखान्यात होते. दोन आठवडे मी तिथूनच लॅपटॉपवर काम करत होतो. एका कॉलवर नेहमीचं झालं. ‘हाऊ आर यू?’ ‘गुड, थँक्स. यू?’ आता मला ते झोपेतही येतं. मीटिंग संपली, सगळे गेले, पण पलीकडचा एक सहकारी थांबला. हळू आवाजात म्हणाला, ‘हाऊ आर यू, रिअली?’

तेव्हा कळलं, हा प्रश्न आहे.

खुणा अशा असतात: आवाज हळू होतो, घाई नसते, माणूस थांबतो. ‘रिअली’ येतं, किंवा ‘हाऊ आर यू होल्डिंग अप?’ येतं. आपल्याकडेही काका रोज ‘कुठं चाललास’ म्हणतात, पण ज्या दिवशी ओट्यावरून उठून जवळ येतात आणि खांद्यावर हात ठेवून ‘बरं आहे ना सगळं?’ म्हणतात, त्या दिवशी ‘हा काका, ड्युटी’ म्हणून निघून जायचं नसतं.

मी म्हणालो, ‘इट्स बीन अ टफ वीक. माय फादर इज इन हॉस्पिटल. थँक यू फॉर आस्किंग.’ तीन छोटी वाक्यं, कुठेही भाषांतर करावं लागलं नाही. तो म्हणाला, पुढच्या दोन रिलीज मी बघतो, तू बाबांकडे बघ. बाबा आता घरी आहेत, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘कुठं चाललास’ विचारतात.

पावसाच्या दिवशी मी न विचारता चाळीस सेकंदं बोललो होतो आणि कोणाला काही पोचलं नव्हतं. इथे तीन वाक्यांत पोचलं. कारण मधल्या काळात रोजची ती ‘गुड, यू?’ ची देवाणघेवाण शेकडो वेळा झाली होती. काकांशीही अशीच रोजची दोन वाक्यं झालेली असतात, म्हणून त्यांना खांद्यावर हात ठेवता येतो.

तर या आठवड्याचा गृहपाठ: कोणाशीही, मित्राशी, बहिणीशी, आरशाशी, रोज दोनदा ‘गुड, थँक्स. हाऊ आर यू?’ म्हणा, ‘यू’वर जोर देऊन. आणि त्या ताईसाठी: पुढचा इंटरव्ह्यू कसा झाला ते व्हॉइस नोटवर नक्की सांग. मी खरंच विचारतोय.

भेटू पुढच्या भागात. चला, गाडी आली.